चौतीस पाट

वर्षावहिनीचा फोन आला तेव्हा मी तो कट केला. एकदा नाही, दोनदा. मंगळवारची सकाळ होती, ऑफिसचा कॉल चालू होता हे खरं. पण कट करायचं कारण ते नव्हतं. वहिनी अधूनमधून मध्यस्थी करायला फोन करायची, 'अगं जाऊ दे ना आता, भाऊ आहे तो तुझा,' वगैरे, आणि त्या दिवशी मला ते ऐकायचं नव्हतं. तिसरा फोन आला तो ईशानचा, माझ्या मुलाचा. हा पोरगा कधी फोन करत नाही, टेक्स्ट करतो. "मॉम... मिलिंदमामा..." एवढंच म्हणाला आणि थांबला. मागून कुणीतरी रडत होतं. ती वहिनी होती. म्हणजे माझा मुलगा माझ्याआधी दादाच्या घरी, वहिनीजवळ पोचला होता, आणि मी इकडे डॅलसजवळच्या फ्रिस्कोत बसून फोन कट करत होते. मिलिंददादा, माझा मामेभाऊ, त्या सकाळी त्याच्या कॉलेजच्या बेसबॉल मैदानाबाहेर, पार्किंगमध्ये गाडीला टेकून खाली बसला आणि उठलाच नाही. हार्ट. अठ्ठावन्न वर्षांचा होता. त्याला जाऊन आता सहा आठवडे होतील. मधल्या काळात त्याच्या बेसबॉलचा ड्राफ्टही होऊन गेला. त्याच्यावाचून झाला. दादा नसताना ड्राफ्ट होऊ शकतो, याचाच मला राग आला... माझं हे असं आहे.

आम्ही दोघं नागपूरचे. माझे मामा पोस्टात होते, पण नात्यातल्या कुठल्याही लग्नात पंगतीचा अंदाज त्यांचाच. पत्रिका किती गेल्या, माणसं किती येणार, पाट किती मांडायचे, हे मामा सुपारी कातरता कातरता सांगायचे आणि ते कधी चुकायचं नाही. "बोलावलेले सगळे येत नसतात बाप्पा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दादाला ही विद्या वारशानं मिळाली. शाळेत असल्यापासून तो क्लबाच्या क्रिकेट मॅचेसचा स्कोअरर. स्वतः खेळायचा तो यथातथाच, बॅट हातात घेतली की जेमतेम दोन ओव्हरी टिकायचा, पण झाडाखाली टेबल टाकून, कानावर पेन्सिल खोचून बसला की त्याच्यासमोर अंपायरचंसुद्धा काही चालायचं नाही. मी त्याच्या शेजारी बसून भुईमुगाच्या शेंगा सोलायचे आणि त्याला त्रास द्यायचे. मी हट्टी, भांडकुदळ, नाकावर राग. त्यानं माझं नाव ठेवलं ठमाबाई. पन्नाशी उलटली तरी ठमीच. माझ्या ऑफिसातल्या लोकांसमोरही एकदा त्यानं मला त्याच नावानं हाक मारली होती, आणि मी त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो म्हणाला, "बघा, म्हणूनच."

अमेरिकेत तो माझ्या आधी आला. स्टॅटिस्टिक्समध्ये मास्टर्स, मग डॅलसला आयटी, मग इथल्या सगळ्यांचं असतं तसं घर, ग्रीन कार्ड, लॉन. आणि मग पंचेचाळिशीत या माणसानं चांगली नोकरी सोडली आणि आमच्यापासून दोन तासांवरच्या एका कॉलेजच्या बेसबॉल टीमकडे आकडेवारी सांभाळायला गेला. पगार निम्म्याहून कमी. आमच्या मराठी मंडळात दोन महिने हाच विषय. "मिलिंदला काही प्रॉब्लेम आहे का?" असं मला एका काकूंनी गणपतीच्या आरतीच्या रांगेत विचारलं होतं. मी दादाला ते सांगितलं तर खो खो हसला. "त्यांना म्हणावं, झाडाखालचं टेबल परत मिळालंय."

त्याचं काम काय, हे मला बरीच वर्षं नीट कळत नव्हतं. मला वाटायचं चेंडू किती वेगानं पडला ते मोजत असेल. तेही होतं, पण त्याचं खरं काम होतं टीम जुळवणं. एकदा त्यानं मला मैदानाच्या बाकावर बसवून समजावलं, आणि मामांच्या भाषेत समजावलं म्हणून मला समजलं. कॉलेज काय करतं, तर शाळेत असलेली पोरं दोन-दोन, तीन-तीन वर्षं आधी हेरून ठेवतं. त्यांच्या घरी जायचं, आईबापांशी बोलायचं, शब्द घ्यायचा, शब्द द्यायचा. पण बेसबॉलमध्ये गोम अशी, की व्यावसायिक टीम्स शाळा संपलेल्या पोरालाही थेट उचलू शकतात. जुलैच्या मध्यात ड्राफ्ट होतो, त्यात त्या एकेक नाव पुकारतात. ज्याचं नाव आलं तो करारावर सही करून निघून जाऊ शकतो, किंवा नको म्हणून कॉलेजलाही येऊ शकतो. सही करायला त्याला जुलैअखेरपर्यंत मुदत. कॉलेजात तीन वर्षं खेळलेल्या पोरांचंही तेच. म्हणजे ऑगस्टमध्ये कॉलेज सुरू होणार, आणि आपल्या टीममध्ये कोण आहे हे जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत कुणालाच माहीत नाही. "बाबा शंभरांना बोलवायचे आणि ऐंशी पाट मांडायचे ना," दादा म्हणाला, "माझं तेच आहे ठमे. फक्त बाबांकडे पाहुणे येत नसत ते आपल्या मर्जीनं. माझ्याकडे कुणीतरी मांडवाच्या दारात उभं राहून, त्यातले चांगले चांगले पाहुणे दुसऱ्याच लग्नाला घेऊन जातं."

म्हणून तो नावं पेन्सिलनं लिहायचा. ऑफिसात कॉम्प्युटरवर सगळं असायचंच, रंगीबेरंगी, टक्केवारी आणि काय काय. पण घरी जेवणाच्या टेबलावर एक क्लिपबोर्ड असायचा, त्याला एक पांढरा कागद, आणि त्यावर दादाच्या बारीक अक्षरात टीमची सगळी नावं. पेन्सिलनं. शेजारी खोडरबर, तोही नागपूरहून मागवलेला, कारण इथले म्हणे कागद मळवतात. वहिनी त्या क्लिपबोर्डला सवत म्हणायची. ड्राफ्टच्या दिवशी दुपारी टीव्ही लावून तो बसायचा आणि एकेक नाव खोडायचा. एका वर्षी मी तिथे होते. ओक्लाहोमातला एक मुलगा होता, पिचर, म्हणजे आपल्या भाषेत बोलर. दादा तीन वर्षं त्याच्या घरी जात होता. त्याच्या आजीनं केलेलं ॲपल-पाय खाल्लं होतं, त्याच्या कुत्र्याचं नाव त्याला पाठ होतं. त्या मुलाचं नाव टीव्हीवर पुकारलं, आणि पाचच मिनिटांत त्याच्या आईचा दादाला फोन. बाई आनंदानं रडत होती. दादा मनापासून तिचं अभिनंदन करत होता, खरंच मनापासून, मी बघत होते, आणि दुसऱ्या हातानं त्या पोराचं नाव खोडत होता. फोन ठेवल्यावर मी विचारलं, "आनंद झाला की वाईट वाटलं?" त्यानं कागदावरचा रबराचा चुरा फुंकरीनं उडवला. म्हणाला, "पोराचं भलं झालं. माझा पाट रिकामा राहिला. दोन्ही खरं आहे... तू शेंगा खा."

त्या धंद्यात त्याचा एक नियम होता आणि तो त्यानं कधी मोडला नव्हता. ड्राफ्ट होऊन सह्यांची मुदत संपेपर्यंत कुणालाही सांगायचं नाही, की तुझी जागा पक्की आहे. हेड कोच सांगो, दुसरं कुणी सांगो, दादा सांगत नसे. पोरांचे बाप त्याला गाठायचे, पार्किंगमध्ये वाट बघायचे. तो हात जोडून म्हणायचा, "मला माहीत नाही." आणि त्याला खरंच माहीत नसायचं. लोकांना वाटायचं हा माणूस हातचं राखून बोलतो.

आता ईशानचं. हा पोरगा बेसबॉलकडे वळला तो दादामुळेच. मी त्याला क्रिकेटच्या कोचिंगला घातलं होतं, तिथून तो चार महिन्यांत पळाला. डावखुरा, उंच, आणि मामावर जीव. मामा मैदानात उन्हात उभा राहून याचे फेकलेले चेंडू मोजायचा, साठ झाले की बस म्हणायचा, एकसष्टावा फेकू द्यायचा नाही. "खांदा हा एकच आहे बाळा, दुसरा मिळत नाही." शाळा संपताना ईशान म्हणाला मामाच्याच कॉलेजात जायचं. दादा आधी नको म्हणाला. घरचं माणूस नको, उद्या काही झालं तर तू मला खाऊन टाकशील, असं मला तोंडावर म्हणाला. पण हेड कोचनं ईशानला स्वतः बघितलं, घेतलं. दादा त्या दिवशी मुद्दाम रजेवर होता. स्कॉलरशिप नव्हती, शेवटच्या पाचसहा पोरांत त्याचा नंबर, पण पोरगा टीमचा शर्ट घालून घरी आला तेव्हा मी त्याची दृष्ट काढली. पहिलं वर्ष तसं गेलं. तीनदा मैदानात उतरला, दोनदा बरा खेळला.

आणि मग तो जून आला. नियम बदलले होते. पूर्वी टीममध्ये चाळीस पोरं असली तरी खपून जायचं. आता चौतीस म्हणजे चौतीस. दादाच्या कागदावर चौतीस रेघा, एकही जास्त नाही. ज्याला वाटतं आपली जागा धोक्यात आहे त्यानं दुसऱ्या कॉलेजात जायचं असेल तर त्याची नोंद जूनअखेरपर्यंत करायची. आणि ड्राफ्ट जुलैच्या मध्यात. आता बघा गंमत. पोरानं जायचं की राहायचं ते जूनमध्ये ठरवायचं, आणि त्याच्यासाठी जागा आहे की नाही हे कॉलेजला कळणार जुलैच्या शेवटी. ज्यानं कुणी हे ठरवलं त्याला एकदा आमच्या मामांसमोर बसवायला हवं होतं. ईशानला दुसऱ्या एका कॉलेजाकडून विचारणा झाली होती. छोटं कॉलेज, पण तिथे तो नक्की खेळला असता. त्यांना उत्तर हवं होतं.

त्या रविवारी दादा-वहिनी आमच्याकडे जेवायला होते. भरली वांगी केली होती, दादासाठी झणझणीत. क्लिपबोर्ड त्याच्याबरोबर असायचाच, तो बाजूच्या खुर्चीवर. जेवताना मी विषय काढला. ईशान समोर बसून ताटात बघत होता. "दादा, सांग ना रे. थांबू की जाऊ दे याला?" दादा म्हणाला, "मला माहीत नाही." मी म्हटलं, "मी पार्किंगमधला बाप नाहीये." तो हसला नाही. माझे यजमान प्रसाद मला डोळ्यांनी खुणावत होते, आता पुरे. मी पुरे करणारी आहे का! मी क्लिपबोर्ड उचलला. चौतीसही रेघा भरलेल्या, त्यातल्या दोन पिचर्सपुढे दादानं बारीक फुली केलेली. फुली म्हणजे हा ड्राफ्टमध्ये जाणार. एक टीममधलाच तिसऱ्या वर्षाचा, दुसरा शाळेतून येणारा. "हे दोघं जाणार ना?" मी विचारलं. "जायला हवेत," दादा म्हणाला, "सगळे म्हणतायत जाणार. पण..." "मग चौतिसात हा बसतो." "ठमे, बसतो असं म्हणू नकोस. आज बसतो."

मग मी जे केलं ते लिहायला हात धजत नाही, पण लिहिते. कागदावर ईशानचं नाव रेघांच्याही खाली, तळाशी पेन्सिलनं होतं. मी दादाच्या खिशातलं पेन काढलं, त्याच्या हातात कोंबलं आणि म्हटलं, "पेननं लिही. यंदाच्या भाऊबीजेची ओवाळणी म्हणून मागते, दुसरं काही नको." गमतीत म्हटलं होतं. अर्धं गमतीत. लहानपणी मामीकडे पाटावर बसवून मी त्याला ओवाळायचे तेव्हा आधीच ओवाळणी ठरवायचे, फराळातला चिवडा नको, रिबिनी हव्यात, आणि तो आणायचाच. बहिणीनं मागितलेली ओवाळणी नाही म्हणायची नसते, हे त्याला मामीनं शिकवलं होतं. दादा पेन हातात धरून बसला. वहिनी म्हणाली, "अगं, काहून त्याला भरीला पाडते?" दादानं ईशानकडे बघितलं, मग पेन्सिलचं नाव खोडलं आणि तिथेच पेननं लिहिलं. निळी शाई. त्यानंतर तो वांग्याला हात न लावता ताक पिऊन उठला. मी मात्र खूश. दुसऱ्या दिवशी ईशाननं त्या कॉलेजला नाही म्हणून कळवलं.

पुढचं एका दमात सांगते. तिसऱ्या वर्षाच्या त्या पिचरचं ड्राफ्टच्या आधी आठवड्यात कोपर दुखावलं. त्याचं नाव कुणी पुकारलंच नाही. तो परत आला. शाळेतून येणाऱ्या मुलाचं नाव आलं, पण फार उशिरा, अपेक्षेपेक्षा फार खाली. त्याच्या वडिलांनी मुदतीच्या शेवटच्या दिवसापर्यंत ताणलं आणि मग सांगितलं, आमचा मुलगा कॉलेजला जाईल. टीमच्या दृष्टीनं केवढा आनंद! कोचला दोन उत्तम पिचर फुकटात मिळाल्यासारखे. त्या वर्षी पहिल्यांदाच मांडवाच्या दारातून कुणी पाहुणे पळवले नाहीत. बोलावलेले सगळे आले. आणि पाट चौतीसच.

ईशानला हेड कोचनं बोलावलं. चार-पाच मिनिटांची भेट. वाईट माणूस नाही तो, नीट बोलला म्हणे. दादा शेजारच्या खोलीत बसून होता. ईशान घरी आला, बॅग दारात ठेवली आणि म्हणाला, "इट्स फाइन, मॉम." मग वर जाऊन खोलीचं दार लावून घेतलं. त्या छोट्या कॉलेजची जागा केव्हाच भरली होती. मी फोन उचलला आणि दादाला काय काय बोलले! पेननं लिहून दिलंस ना? घरच्या माणसाला दगा देतोस? नोकरी सोडून हाच शहाणपणा शिकलास? त्यानं सगळं ऐकून घेतलं. "चुकलं माझं," एवढंच म्हणाला. त्यानं भांडायला हवं होतं. तूच पेन कोंबलंस म्हणायला हवं होतं. मीही मग भांडून भांडून रडले असते आणि संपलं असतं. पण तो म्हणाला चुकलं माझं, आणि मी म्हटलं, "हो, चुकलंच," आणि फोन ठेवला.

यात कुणाचं चुकलं, हे मी सहा आठवडे रोज विचारते आहे. कोपर दुखावलेल्या पोराचं? शब्द पाळून कॉलेजात आलेल्या त्या दुसऱ्या मुलाचं? तो तर दादानंच हेरलेला, दादानंच त्याच्या घरी खेपा घातलेल्या. कोचला चौतीस सांगितलेत, तो पस्तिसावा कुठे बसवणार? कुणाच्या नरड्याला धरावं असा एकही माणूस सापडत नाही. आणि तेव्हा माझ्या हाताशी एकच माणूस होता, जो धरू देत होता.

त्या वर्षी भाऊबीजेला आम्ही विमानानं थेट बॉथेलला, प्रसादच्या बहिणीकडे गेलो. जायचं काही कारण नव्हतं; फ्रिस्कोत राहिलं तर दादा येईल म्हणून गेलो. सकाळी त्याचा मेसेज आला, "ठमे, दिवा लावलास का?" मी वाचला. दोन निळ्या खुणा त्याला दिसल्या असतील. मी उत्तर दिलं नाही. वीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्या कपाळाला कुंकू लागलं नाही. नणंदेनं प्रसादला ओवाळलं, मी फोटो काढले.

शेवटची भेट एप्रिलमध्ये, फ्रिस्कोतल्या इंडियन ग्रोसरीत. तो कोथिंबिरीच्या जुड्या निवडत होता, वाळल्यासारखा वाटला. मला बघून चेहरा असा उजळला त्याचा... आणि मग सावध झाला. "ठमे." मी म्हटलं, "बरा आहेस ना?" तो म्हणाला, "बरा आहे. ईशानचा खांदा काय म्हणतो?" आणि माझी ही जीभ! मी म्हटलं, "खांद्याचं त्याला आता काय काम?" दादानं मान हलवली. हातातली जुडी माझ्या बास्केटमध्ये ठेवली, "ही ताजी आहे," म्हणाला आणि बिलाच्या रांगेत गेला. मी त्याच्याशी बोललेलं शेवटचं वाक्य ते आहे. ते मला कुठेही परत करता येत नाही.

दहाव्या दिवसानंतर ईशान मला म्हणाला, आणि नेहमीसारखं इंग्रजीतच म्हणाला, की तो वर्षभर दर गुरुवारी मामाकडे जात होता. टीम सुटली तरी कॉलेज तेच होतं; क्लास संपला की मामाच्या ऑफिसात. मामा त्याला आकडे वाचायला शिकवत होता, कुठल्या पोराचा खांदा थकतोय हे कागदावर आधी कसं दिसतं ते. कधी मागच्या नेटमध्ये दोघं जाऊन साठ चेंडू. साठच. "तुम्ही मला सांगितलं नाही?" मी ओरडले. "ही सेड यू नीडेड टाइम," ईशान म्हणाला. म्हणजे ज्याच्यासाठी मी रागावले होते त्याचा राग केव्हाच गेला होता. मी एकटीच धरून बसले होते, आणि दादानं मला तो खुशाल धरू दिला. मला वेळ हवा म्हणून. वेळ!

परवा ड्राफ्ट होता. सकाळी वहिनीचा फोन आला. आता मी तिचा फोन पहिल्या रिंगला उचलते. "तू आणि ईशान येता का गं? दरवर्षी आज घरात तो टीव्ही केवढ्यानं लावायचा. आज फारच शांत आहे." आम्ही गेलो. दुपारची वेळ, जेवणाच्या टेबलावर दादाची खुर्ची आणि पुढे क्लिपबोर्ड. वहिनीनं तो तसाच ठेवला होता. वरचा कागद यंदाचा, जाण्याच्या आदल्या दिवसापर्यंत त्यानं केलेला. चौतीस रेघा, पेन्सिलची नावं, कुठे कुठे फुल्या. ईशान त्या खुर्चीत बसला, टीव्ही लावला आणि नागपूरचा तो रबर उचलला. नावं पुकारली जाऊ लागली. फुलीवालं नाव आलं की तो खोडायचा आणि फुंकर मारून चुरा उडवायचा. अगदी तशीच फुंकर. वहिनी आत निघून गेली. हे आता कुणासाठी खोडायचं, कॉलेजात दुसरा माणूस आला आहे, त्याच्याकडे त्याचा कॉम्प्युटर आहे. पण आमच्यापैकी कुणीच ईशानला थांबवलं नाही.

खालच्या कागदाचा कोपरा बाहेर आला होता. मी तो ओढला. गेल्या वर्षीचा. सगळी नावं पेन्सिलची, खोडून लिहिलेली, परत खोडलेली. चौतीस भरलेले. आणि तळाशी, शेवटच्या रेघेच्याही खाली, निळ्या शाईत माझ्या मुलाचं नाव. 'ई' जरा फिका होता. कागद तिथे पातळ झाला होता, उजेडात धरला तर पलीकडचं दिसेल इतका. वहिनी दारात उभी होती. "कोचला यादी द्यायच्या दिवशी ब्लेड घेऊन बसला होता," ती म्हणाली, "शाळेत आपण शाई खरवडायचो ना, तसं. एवढं एक अक्षर खरवडलं. मग ब्लेड ठेवलं आणि म्हणाला, ठमीनं मागितलेलं आहे, हे मला खोडता येत नाही." कोचला द्यायची यादी त्यानं दुसऱ्या कागदावर लिहिली. हा ठेवून दिला.

टीव्हीवर कुणाचं तरी नाव पुकारलं. ईशाननं माझ्या हातातल्या कागदाकडे एकदा बघितलं. त्याला माहीत होतं, चेहऱ्यावरूनच कळलं. "मॉम, डोन्ट," म्हणाला, आणि पुन्हा रबर घेऊन वाकला. मी कागद परत क्लिपबोर्डला लावला, खालीच, होता तसा. मग देवघरात जाऊन वहिनीचं निरांजन आणलं, कुंकवाची कुयरी आणली. आषाढातली भरदुपार, तिथी नाही की वार नाही, आणि ज्याला ओवाळायचं तो नाही. तरी मी ताम्हन हातात घेऊन त्या टेबलापाशी उभी राहिले. खुर्चीत माझा मुलगा बसला होता. हात पुढे होईना. कुणाला ओवाळू?

वहिनी म्हणाली, "ठेव गं ते खाली."

मी ठेवलं. दिवा मात्र लावला होता, दादा.